शेंडे आणि फांद्या

पहिल्याच भेटीत हेस्टरने त्याचा ट्रक परत पाठवला होता.

"निम्मी ओल आहे," ओल मोजायचं यंत्र त्याच्यासमोर धरत ती म्हणाली. "शाळेच्या बॉयलरला लाकडाच्या ढलप्या लागतात. सूप नाही."

ट्रकच्या खिडकीतून लुसियन थिबोने पावसाकडे बोट दाखवलं. "बाई, ओल माझी नाही... वरच्याची आहे."

"मग वरच्याला सांगा, ताडपत्री बांधत जा."

तो इतका मोकळा हसला, की तिला मान फिरवावी लागली. त्यानंतर दर मंगळवारी ताडपत्री घट्ट बांधलेली असायची, आणि खिडकीतून प्रश्न यायचा, "आज मी किती कोरडा?"

"बोलायला लागलात की कळतं!"

अमेरिकेतल्या व्हरमॉन्टच्या त्या गावात शाळेचा बॉयलर तेलावरून लाकडावर आणला तो हेस्टरच्या वडिलांनी. गावसभेत उभं राहून एमॉस म्हणाले होते, "वाकडं-किडकं, शेंडे-फांद्या जाळा. सरळ झाडं वाढू द्या. मग जंगलही राहील, ऊबही." मार्चमध्ये, पाकासाठी मेपलच्या झाडांतून रस काढायचा हंगाम ऐन भरात असताना, ते गेले. बॉयलर आता ती सांभाळायची.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी नमुन्याची बादली भरताना तिचा हात थांबला. पांढऱ्याशुभ्र ढलपीवर बोटभर तपकिरी डाग होता. रसासाठी पाडलेलं भोक झाड बुजवतं, पण आत हा डाग जन्मभर राहतो. खाली रस वाहून नेणाऱ्या निळ्या नळीचा तुकडाही सापडला.

मालासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : शेंडे आणि फांद्या.

"शेंड्याला कोणी नळी लावतं का, लुसियन?"

तो खाली उतरला. डाग पाहिला.

"कुठून भरलंस?" तिने विचारलं.

"पीबॉडी टेकडी."

तिच्या वडिलांनी तीस वर्षं खंडाने राखलेली मेपलची राई! ते जाताच मालकाने लाकूड विकलं होतं. फक्त विरळणी करणार, असं म्हणाला होता.

"आख्खी झाडं ढलप्यांच्या यंत्रात जाताना तू पाहिलीस?"

"पाहिली... चिठ्ठी ठेकेदार लिहितो, हेस्टर. मी फक्त गाडी चालवतो."

"वा! तू फक्त चालवतोस, तो फक्त लिहितो, मी फक्त जाळते! आणि दारावर पाटी कसली? पुन्हा वाढणारं इंधन! मेपल रसाला यायला चाळीस वर्षं लागतात. बॉयलरला एक तास पुरतो. ने हे परत."

"अर्धी राई अजून उभी आहे," तो हळूच म्हणाला.

"मग गुरुवारी शाळेच्या समितीपुढे सांग. माझ्या डागापेक्षा त्यांना चिठ्ठी खरी वाटेल."

तो ट्रकमध्ये चढला. ट्रक वळला... आणि तिला सगळ्यात जास्त राग आला तो त्याच्या त्या हसण्याचा, जे तिला आवडलं होतं.

गुरुवारी समितीपुढे तिने ढलपी ठेवली. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "लाकडाला डाग असतातच, हेस्टर."

तेवढ्यात दार उघडलं. भिजलेला लुसियन आत आला आणि त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. 'शेंडे आणि फांद्या'वर काट मारलेली. खाली त्याच्या गिचमिड अक्षरात : आख्खी मेपलची झाडं, पीबॉडी टेकडी. त्याखाली पूर्ण सही.

शाळेने ठेकेदाराकडून माल घेणं त्याच बैठकीत थांबवलं. गिऱ्हाईकच उरलं नाही, तशी टेकडीवरची यंत्रंही थांबली. लुसियनची नोकरी गेली.

"राग गेला?" पायरीवर त्याने विचारलं.

"नाही. जायचाही नाही. तू मंगळवारीच बोलायला हवं होतंस."

"हो." त्याने कोटातून एक बरणी काढली. आंबट काकड्यांची. "मार्चमध्ये बर्फावर मेपलचा गरम पाक ओतून खाशील ना? गोडाला उतारा म्हणून या लागतील... आई घालते."

हेस्टरने बरणी घेतली. बाबा दर वर्षी घालायचे ती बरणी या वर्षी रिकामीच राहिली होती.

"उरलेल्या झाडांना भोकं पाडायला माणूस लागेल," ती म्हणाली. "मालकाशी मी बोलते. पगार नाही मिळायचा."

"राग तरी रोज मिळेल?"

"रोज."

"मग येतो," तो म्हणाला आणि पावसात तसाच उभा राहिला.

तिने कोटाची एक बाजू त्याच्या डोक्यावर धरली. "ये इकडे. निम्मी ओल आहे तुझ्यात."