हरणाबाईचं ऑपरेशन

मोबाईल खाली ठेव, युवराज. आन् मधी हसायचं न्हाय. हसायचं असंल त्यानं आत्ताच घरला जावं. जळकोटचा सिद्धाराम म्हंजे माझ्या मेव्हण्याचा पोरगा. त्याच्या तोंडचं हाय ते सांगतो.

गेल्या वर्षीच्या वेळ अमावास्येची, शेतातल्या सणाची रात. दिवसभर शेतात पूजा, आंबील-भज्जीची जेवणं झाली, माणसं घरला आली. सिद्धारामाची बायको श्रीदेवी दिवस भरलेली, पहिलटकरीण. भुईवर बसली की उठता येईना. म्हणून हा टेंपो घेऊन लोखंडी खाट आणायला निघाला. खाट होती हायवेकडंच्या एका गोदामात. तिथं टीव्हीवाल्यांनी खोटा दवाखाना उभा केलता, ‘वॉर्ड सातवा’ मालिकेसाठी. बघणारंच कुणी मिळालं न्हाय, म्हणून दोन महिन्यांत गाशा गुंडाळून गेले. मागं राहिलेली एक खाट गोदामवाल्यानं सिद्धारामाला देऊ केली.

आता त्या मालिकेत रोगी म्हणून गावचीच माणसं निजवायचे. त्यातच आमची हरणाबाई. म्हातारीच्या पोटात खरीच गाठ होती. एवढे डॉक्टर, एवढ्या मशिनी बघून तिनं मनात धरलं, हेच आपल्याला बरं करणार. पोरं म्हणली, उमरग्याला चल, खरा डॉक्टर दाखवू. पण ती कुणाचं ऐकते! ‘पुढच्या भागात माझंच ऑपरेशन हाय,’ म्हणायची. पुढचा भाग निघालाच न्हाय. दिवाळीच्या आत गेली बिचारी. लई वाईट वाटलं सगळ्यांना.

तर सिद्धारामानं शटर वर केलं, टॉर्च मारली. खोल्यांना तीनच भिंती. चौथीकडं कॅमेरे असायचे. कोपऱ्यात खाट दिसली.

खाटेवर कुणीतरी निजलेलं. भिंतीकडं तोंड करून.

“डॉक्टर आले व्हय?”

आवाज वळखीचा. हरणाबाईचाच. पळावं, तर घरी श्रीदेवी भुईवर कण्हायलेली...

“इथं... डॉक्टर न्हाईत, आजी.”

“मंग थांबते म्या. खाट सोडणार न्हाय.”

टॉर्च मिणमिणली. खाट करकरली.

खुंटीला मालिकेतला पांढरा कोट होता. सिद्धारामानं अंगात घातला. का घातला, त्याला आजपतूर सांगता येईना. जवळ गेला. हात लावला न्हाय.

“झालं ऑपरेशन, आजी. टाके घातले. घरला जावा आता.”



“झालं?”

“...व्हय.”

“लई उपकार झाले, डॉक्टर.”

टॉर्च विझली. लागली. खाट मोकळी...

त्यानं कोट फेकला, खाट टेंपोत टाकली आन् सुटला. घरी श्रीदेवीला त्या खाटेवर निजवलं. तवा कुणाला काय बोलला न्हाय.

पहाटं कळा सुरू झाल्या. उमरग्याला नेलं. पोरगी झाली, चिरफाड न करता, दोघी सुखरूप. सिद्धाराम ढसाढसा रडला. देवाला हात जोडायलाच लागला तवर नर्स बाहेर आली. रागातच होती.

“आधीचं ऑपरेशन का लपवलं तुम्ही?”

“कुठलं ऑपरेशन, सिस्टर? हिला सुईबिगर काय लागलं न्हाय जन्मात.”

“मग आत येऊन बघा.”

तो आत गेला. श्रीदेवी लेकराला घेऊन गाढ झोपलेली. नर्सनं चादर सारली...

बेंबीखाली टाक्यांची शिवण. जुनी. पार भरून आलेली.