एकेचाळीस जणांचा फोटो

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे मांडले, तेव्हा ताईच्या मनात निवड झालेलीच होती. ती स्टुडिओवाली; लोकांना ‘जरा हसा’ म्हणण्यात वीस वर्षं गेलेली. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळा गोतावळा जमणार होता. तिला सोडून एकेचाळीस माणसं, पुन्हा कधी जमतील कोण जाणे. ती सगळी एका फोटोत मावायची तर लेन्स डावीकडून उजवीकडे फिरवत लांबडा फोटो काढणारा असा कॅमेराच हवा.

पहिल्याची लेन्स सर्रकन फिरली. दुसऱ्याची घरघरत, आरामात.

“पहिला द्या,” ताई म्हणाली. “आमची पोरं क्षणभर स्थिर राहतील तर शपथ.”

“दुसरा,” चाकांच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. “शाळेच्या फोटोत मी दोनदा आहे, ठाऊक आहे ना? डाव्या टोकाला उभा राहिलो, लेन्स पुढे सरकली की रांगेमागून धूम ठोकली, उजव्या टोकाला पुन्हा हजर! मास्तरांनी कान उपटले. पण तसा फोटो मला एकदा परत काढायचाय.”

बाबांचे पाय दोन वर्षांपूर्वीच गेले होते. ताईला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

दुकानदार चुळबुळला. “हा गिऱ्हाइकांनी दोनदा परत आणून दिलाय. बिघाड काही नाही. पण फोटोत माणसं जास्त येतात म्हणे.”

“मग तर घ्याच!” बाबांनी टाळी वाजवली. त्यांच्या हट्टापुढे घरात कधी कुणाचं चाललं होतं?

वाढदिवसाला ताईने अंगणात दोरी धरून अर्धवर्तुळ आखलं आणि त्यावर सगळ्यांना उभं केलं. डाव्या टोकाला बाबांची खुर्ची. लेन्स घरघरत निघाली. कुणीतरी शिंकलं, सगळे खिदळले. लेन्स थांबली तेव्हा बाबा खुर्चीतच होते, पण घामाघूम, धापा टाकत.

“पोचलो का गं?”

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

ताईने रोल धुतला, मोठ्या भावासाठी पहिली प्रत काढली. डाव्या टोकाला खुर्चीत बाबा. उजव्या टोकाला, धाकट्या भावाच्या पलीकडे, पुन्हा बाबा. उभे. शर्ट बाहेर आलेला, हसू कानापर्यंत.

बाबा हरखून गेले. ताईही इतकी खूश झाली की हे झालं कसं, असं तिने स्वतःलाही विचारलं नाही.

बहिणीसाठी दुसरी प्रत काढली. तीत उभे बाबा धाकट्याच्या अलीकडे होते.

निगेटिव्ह तीच. कागदही त्याच पाकिटातला.

काकूच्या प्रतीत ते नातवंडांच्या मागून वाकून चालले होते. अर्धी वाट संपली होती.

“परत यायला वेळ लागतोच गं,” बाबा म्हणाले. “माझी प्रत सगळ्यांत शेवटी काढ.”

आता ताई घाबरली. निगेटिव्ह तिने कपाटात टाकली. पण आपल्या प्रतीसाठी धाकट्याचे रोज फोन, आणि बाबांचं टुमणं वेगळंच. शेवटी रविवारी दुपारी तिने चौथा कागद द्रावणात सोडला.

चित्र हळूहळू उमटलं.

उभे बाबा खुर्चीपाशी पोचले होते.

आणि खुर्चीतले बाबा दोन्ही हात टेकवून, त्यांना जागा द्यायला, हसत अर्धे उठले होते.