पोकळ लादीचा होकार

दोरोता विल्चेकला न्यूयॉर्कच्या भिंती घाबरतात, असं तिचे सहकारी गमतीनं म्हणत, आणि ती ते मुळीच गमतीत घेत नसे. शहराचा कायदाच तसा होता. सहा मजल्यांहून उंच असलेल्या प्रत्येक इमारतीची बाहेरची भिंत दर पाच वर्षांनी तपासायची, तीही नुसती दुर्बिणीतून नव्हे, हात लावून. दोरोता तारांवर टांगलेल्या पाळण्यातून खाली उतरत उतरत एकेक लादी लाकडी हातोडीनं ठोकी आणि ऐके. घट्ट बसलेली लादी खणखणीत वाजते, सुटत आलेली बद्द वाजते. मग अहवालात शब्द एकच, सुरक्षित किंवा असुरक्षित. बावीस वर्षांत तिचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटे.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ती अप्पर वेस्ट साइडच्या सोळा मजली जुन्या इमारतीपाशी आली, तेव्हा सकाळचं ऊन छान पडलं होतं. इमारतीचा केअरटेकर प्रेंक, मूळचा अल्बानियाच्या डोंगरातला माणूस, हातात चीज भरलेला गरम बुरेक घेऊन दारातच उभा होता.

"बाई, आधी दोन घास खाऊन घ्या. भरल्या पोटी माणूस 'सुरक्षित' लिहितो."

"भरल्या पोटी मला झोप येते, प्रेंक."

"मागच्या वेळी तुमच्यासारख्याच एकानं 'असुरक्षित' लिहिलं. लाद्या डोक्यात पडू नयेत म्हणून फुटपाथवर पत्र्याचा मांडव घातला, तो चार वर्षं हलला नाही! वर गवत उगवलं. कबुतरांची नातवंडं झाली तिथं."

"यंदा मांडव नाही. तुझी भिंत इथूनच बरी दिसतेय."

"मग वर कशाला चढता?"

"सही माझी आहे म्हणून."

तळमजल्यावर बालवाडी होती आणि तिचं दार बरोबर त्या भिंतीखाली यायचं. रोज बाराच्या ठोक्याला तेवीस पोरं एका लांब दोरीच्या कड्या धरून त्या दारातून बाहेर पडत. काचेपलीकडून एका मुलीनं जीभ काढून दाखवली, दोरोतानंही काढली. ही हातोडी आपण यांच्यासाठीच चालवतो, असं तिला वाटे आणि त्याचा तिला अभिमान होता.

गच्चीवरून दोन तारांवर पाळणा सोडलेला होता. दोन्ही टोकांना एकेक मोटर, एका मोटरीपाशी दोरोता, दुसरीपाशी सेगुंदो. हा इक्वेडोरचा, नऊ वर्षं तिच्या बरोबरीनं लटकलेला. वाऱ्यात आणि मोटरींच्या घरघरीत हाक नीट ऐकू जात नाही, म्हणून दोघांची एक रीत ठरून गेली होती. कठड्यावर एक ठोका म्हणजे 'उतरू का?' समोरून एक ठोका म्हणजे 'उतर.' तो आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

सोळावा झाला, पंधरावा झाला. लाद्या जुन्या, भाजलेल्या मातीच्या, प्रत्येकीवर द्राक्षांची नक्षी. आणि एकूणएक लादी खणखणीत. दहाव्या मजल्यापर्यंत एकही बद्द आवाज नाही.

"सेगुंदो, ही भिंत नाही रे, चर्चची घंटा आहे!"

"इंजिनियरबाई, म्हातारीचा एक तरी दात हलायला हवा की नको?"

"तुला दुसऱ्याचे दात मोजायची भारी हौस."

आठव्या मजल्यावरचं काम आटोपलं. दोरोतानं कठड्यावर एक ठोका दिला. एक ठोका आला. तिनं बटण दाबलं.

तिचं टोक खाली गेलं, समोरचं जागच्या जागीच राहिलं. पाळणा तिरका झाला, हत्यारांची बादली तिच्या पायांवर घसरत आली आणि कमरेचा पट्टा कचकन ताणला गेला. तिनं बटण सोडलं. सेगुंदो दोन्ही हातांनी कठड्याला चिकटला होता, एक हातमोजा दातांत लोंबत होता.

"अरे, उतर म्हणालास ना!"

"मी? मी हातमोजे घालत होतो, बाई. मी ठोकलंच नाही."

"मी ऐकलं."

"ऐकलं मीही..." त्याचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुम्हीच दोनदा ठोकलंत."

हळूहळू त्यांनी पाळणा सारखा केला. दोरोता चिडली होती, घाबरली नव्हती. आतून कुणीतरी टवाळ भाडेकरू ठोकत असणार. तिनं वॉकीटॉकीवर प्रेंकला विचारलं, "आठव्यावर या टोकाला कोण राहतं?"

"तिथं कोण राहणार? तिथं खोलीच नाही. जुनं धुराडं होतं, ते विटांनी बुजवलंय. दोन हात जाड भिंत आहे, बाई. का?"

समोरच्या लादीवर तिनं डावा तळवा टेकला आणि उजव्या हातानं ठोकलं. लादी खणखणीत वाजली. पण तळव्याला काही वेगळंच कळलं. लादी हाताखाली पोकळ हलली होती, आणि तो स्वच्छ आवाज मागाहून आला होता... अगदी किंचित मागाहून. तिनं पुन्हा ठोकलं. आधी हाताखाली पोकळ थरथर, मग आवाज. कुणीतरी तिच्या ठोक्याची वाट पाहत बसल्यासारखा.

"सेगुंदो... स्क्रू ड्रायव्हर दे."

तिनं तो लाद्यांच्या सांध्यात खुपसला. लोण्यात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. लादी धरून ठेवणारा आतला लोखंडी आकडा गंजून भुगा झाला होता. शेजारच्या लादीचं तेच, तिच्या शेजारचीचं तेच. वरच्या आठ मजल्यांवर आपण नेमकं काय ऐकलं, हा विचार मनात आला आणि दोरोतानं मान वर करून पाहिलं.

सेगुंदोनं छातीवर क्रूस काढला. "उतरूया, बाई. पण ठोके नकोत..."

"नकोत. तोंडानं ओरड."

ते ओरडत ओरडत उतरले. पावणेबारा झाले होते. भीती होती, पण दोरोता कामाला लागली. तिनं अहवालावर मोठ्या अक्षरांत 'असुरक्षित' लिहिलं, फुटपाथला पट्टी बांधायला लावली, आणि बालवाडीच्या बाई, मिस इवेट, यांना गाठलं.

"या दारातून एकही पोर बाहेर काढू नका. मागून, बॉयलरच्या खोलीतून न्या. रस्ता ओलांडा आणि त्या पिवळ्या इमारतीच्या भिंतीशी उभी करा. ती मी एप्रिलमध्ये तपासलीय, स्वतः, हात लावून."

"बाई, पुन्हा मांडव?" प्रेंकनं कपाळ बडवून घेतलं. "भाडेकरू मला फाडून खातील!"

"खाऊ देत."

बारा वाजून चार मिनिटांनी आठव्या मजल्यावरून लाद्या सुटल्या. बालवाडीच्या रिकाम्या दारासमोर त्या फुटल्या आणि लाल धूळ रस्ताभर पसरली. कुणालाही खरचटलं नाही. प्रेंकनं पायाशी आलेला एक तुकडा उचलला.

"घाला मांडव," तो म्हणाला. "दहा वर्षं ठेवा."

दोरोता रस्ता ओलांडून गेली. तेवीस पोरं पिवळ्या भिंतीला पाठ लावून ओळीनं उभी होती, दोरीच्या कड्या घट्ट धरून. तिनं ती एकदा मोजली, पुन्हा मोजली. डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. कान फसला, पण हात फसला नाही. आपण आहोत म्हणून ही पोरं आहेत, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

मिस इवेट जवळ आल्या. "आईबाप येईपर्यंत इथंच थांबू ना आम्ही? इथं... इथं नक्की सुरक्षित आहे ना?"

"अहो, बिनघोर थांबा. ही भिंत माझी आहे. ऐका."

दोरोतानं पोरांच्या डोक्यांवरच्या लादीवर नेम धरला आणि हातोडी उचलली.

लादी खणखणीत वाजली. हातोडी अजून भिंतीपासून वीतभर लांब होती.