बन्यामीनची भिंत

पाद्रीसाहेबांनी मला शिरूरच्या पोलीस कोठडीला चुना द्यायला पाठवलं, यात वावगं काहीच नव्हतं. नाताळाआधी देवळाला चुना द्यायचा तो बोर्डिंगच्या मुलांनीच. हात बसलेला, म्हणून कचेरीत कुणी मोठे साहेब यायचे असले की तिथूनही आम्हालाच बोलावणं यायचं.

मी तर खुशीनं गेलो. त्या कोठडीत पंधरा दिवस आमच्या बोर्डिंगचाच बन्यामीन होता. नाताळच्या नाटकाचा पडदा दरवर्षी मी रंगवायचो; छप्पन साली तो त्याला मिळाला आणि माझ्या पोटात दुखू लागलं. देवळातला प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला मीच त्याच्या पेटीत लपवला. तो चोर ठरला. आणि बघा, कोठडीतही पठ्ठ्यानं कोळशानं भिंतभर बेथलेहेम काढलेलं!

मल्हारी हवालदारांनी सांगितलं, की पोराला सकाळीच दौंडला नेलंय, तिथून रेल्वेनं पुण्याला, खटल्यासाठी. भिंतीवरच्या मेंढरांना लोकरीचा वास येतो, असंही म्हणाले. वास मलाही आला. म्हणून मी कुंचला जास्तच जोरात मारला. चुन्याचे तीन हात दिले, तेव्हा कुठे भिंत पांढरी झाली.

बादली उचलायला वाकलो, तर मागे आवाज… खस… खस…

कोठडीत मी एकटाच होतो. ओल्या चुन्यात एक काळी रेघ सरकत होती. आधी पेटी उमटली, मग प्याला धरलेला हात. शेवटी माझा चेहरा. मी वरून कुंचला फिरवला, रेघ त्याच्याही वर आली. खरं सांगतो, तेव्हाही मी जळतच होतो. कोपराची तशी घडी मला जन्मात जमली नव्हती.

हवालदार आत आले. “बन्यामीनचंच हाय हे. चुन्यातनं वर आलं… काय हात हाय पोराचा!”

हेही त्याचंच? मला सोसलं नाही.

“त्यानं न्हाई काढलं. मी काढलंय.”

त्यांनी चित्र पाहिलं. मग मला पाहिलं.

“मंजी प्याला ठिवणारा… तूच व्हय रं, येशुदास?”

माझी मान आपोआप होकारात हलली.

बन्यामीनला दौंडच्या फलाटावरूनच परत आणलं. मला त्याच संध्याकाळी त्या कोठडीत घातलं. कडी लागली, आणि पुन्हा… खस… खस… चित्रातल्या माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखी दोन पावलं उमटू लागली.

प्याला लपवताना तर खोलीत मी एकटाच होतो.