पुसणं आणि काढणं यांच्या मधे

ही गोष्ट घडली तेव्हा रात्र नव्हती.

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. खिडकी उघडी होती, टेबलापर्यंत ऊन आलं होतं.

मी पदार्थविज्ञान शिकलेय. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवयच लागली आहे. इथे लिहितेय ते सगळं मी मोजलेलं आहे. तरीही...

असो. पहिल्यापासून सांगते.

माझे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला. साधी हलती चित्रं बनवायचे. उसळणारा चेंडू. पाण्यावरची होडी. शेवटचं चित्र लंबकाचं. पांढऱ्या पडद्यावर काळा लंबक, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बस्स.

गेल्या वर्षी काका गेले.

तेव्हापासून मावशी रोज दुपारी त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसून तो लंबक बघायची. तासभर.

अडचण एकच होती. चित्र लुकलुकायचं.

त्या लुकलुकण्याने मावशीला दोनदा फिटचा झटका आला. दुसऱ्या वेळी खुर्चीतून पडली, कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी ताईला, म्हणजे तिच्या मुलीला, स्पष्ट सांगितलं. लुकलुकणारा उजेड बंद. ताईने वायर काढून कपाटात ठेवली.

मावशीने त्या दिवसापासून ताट तसंच परत पाठवायला सुरुवात केली.

मग ताईचा मला फोन आला.

"प्रोफेसर, एवढं शिकलीस ना? मग ते लुकलुकणं थांबव. नाहीतर रविवारी मशीन भंगारात जातंय."

"आणि थांबवलं तर काय देशील?"

"चहा. साखर तुझी तू घाल."

लुकलुकण्याचं कारण मला ठाऊक होतं. लहानपणी काकांनीच समजावलं होतं, दोन पाट्या हातात घेऊन. हलतं चित्र दाखवायचं तर कॉम्प्युटर जुनं पुसतो आणि नवं काढतो. एकाच पाटीवर केलं तर बघणाऱ्याला पुसणंही दिसतं. म्हणून दोन पाट्या घ्यायच्या. एक समोर धरायची, दुसरीवर पाठीमागे चित्र काढायचं. पूर्ण झालं की अदलाबदल. पुसणं कुणालाच दिसत नाही.

ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांचंच चित्र का लुकलुकत होतं?

हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

गुरुवारी मी गेले. आधी मोजमाप. ताईला म्हटलं, एकदाच, दहा सेकंदांसाठी चित्र आहे तसं लावते. ती कुरकुरली, पण मावशीचे खांदे धरून उभी राहायला तयार झाली. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि ताई बाहेर गेली.

"लाव गं," मावशी म्हणाली. "मला काही होत नाही."

ती वेताच्या खुर्चीत होती, मी तिच्या डाव्या हाताला स्टुलावर बसले. फोन तिच्या खांद्याजवळ धरला आणि स्लो मोशनमध्ये पडदा टिपायला लागले. एका सेकंदाची दोनशे चाळीस चित्रं.

लंबक सुरू झाला.

मागे वेत करकरला...

कुणी खुर्चीच्या पाठीवर भार टाकला की करकरतो, तसा. मला वाटलं, ताई आली. दहा सेकंद झाले, मी चित्र बंद केलं आणि वळले.

ताई अजून दारातच कुणाशी तरी बोलत होती.

मावशी हललेली नव्हती. तिची मान किंचित उजवीकडे झुकली होती. कुणीतरी कानात सांगत असावं, तशी.

मी प्रोग्रॅम उघडला. दोन पाट्यांच्या ओळी तिथे होत्याच. पण प्रत्येक ओळीपुढे एक खूण घातली होती. अशी खूण दिसली की कॉम्प्युटर ती ओळ सोडून पुढे जातो. म्हणजे चित्र आधी नीट चालायचं. नंतर कुणीतरी ते मुद्दाम बंद केलं होतं.

काका विसरले असतील, असं म्हणून मी खुणा काढल्या. पाच मिनिटांचं काम.

लंबक न लुकलुकता, अलगद हलायला लागला.

"एवढंच होतं?" ताई म्हणाली. "मग चहा अर्धा कप."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

वेत करकरला नाही.

"हे कुठे गेले?" तिने विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे.

"आई, लंबक आहे ना समोर?"

"लंबक कोण बघतंय?" मावशी म्हणाली.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. टिपलेलं एकेक चित्र पुढे सरकवत बघायला लागले. दर बारा चित्रांतली तीन काळी. पडदा पुसल्यावर, नवं चित्र येण्याआधी. सेकंदाचा ऐंशीवा भाग.

तेवढा वेळ पडद्याची काळी काच आरसा होत होती.

तिच्यात मावशीचा चष्मा दिसत होता. माझा हात, फोन. मागचं कपाट.

पुढच्या काळ्या चित्रांत खुर्चीच्या पाठीवर चार बोटं होती.

त्यापुढे पांढऱ्या शर्टाची बाही.

मग मावशीच्या उजव्या कानाशी वाकलेलं डोकं. पांढरे केस, मागे वळवलेले. मावशीचे ओठ हलत होते.

अगदी शेवटच्या काळ्या चित्रात ते डोकं वर झालं होतं. आता ते मावशीकडे बघत नव्हतं...

माझ्या फोनकडे बघत होतं.

मी बाहेर आले, पडदा बंद केला आणि त्याच जागेवरून काचेत बघितलं. मावशी, मी, कपाट. बाकी कुणी नाही. तीनदा बघितलं.

मग खुणा काढण्याआधी पेन ड्राइव्हवर घेतलेल्या जुन्या प्रतीवरची, शेवटच्या बदलाची तारीख बघितली. ओळी बंद केल्या होत्या त्या दिवशी काकांना जाऊन सतरा दिवस झाले होते. त्या आठवड्यात मावशी ताईच्या घरी होती; ताई इथे राहायला नंतर आली. घराला कुलूप होतं.

ताईला सगळं दाखवलं. ती ते शेवटचं चित्र बराच वेळ बघत राहिली. मग फोन पालथा ठेवला.

"मी जुनं परत लावू शकते," मी म्हटलं.

"आणि आई पुन्हा पडली तर?"

मावशीने दारातून ऐकलं होतं. "मला झटका आला तरी चालेल गं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. भाजी कोणती करू विचारावं, तसा.

ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला नाही चालणार."

आम्ही न लुकलुकणारं चित्रच ठेवलं.

याला सात महिने झाले. मावशीला एकदाही झटका आला नाही. जेवते, झोपते. त्या खुर्चीत बसत नाही.

जुन्या प्रोग्रॅमची ती प्रत मी पेन ड्राइव्हवर तशीच ठेवली. ती कधी चालवली नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी मावशीचा फोन आला.

"बाळ, हे तुझ्याकडे आलेत का?"

"नाही गं मावशी."

"बरं. आले तर पाठव."

तिने फोन ठेवला.

मी खोटं बोलले. माझी खुर्ची प्लॅस्टिकची आहे. घरात वेताची एकही वस्तू नाही. आणि त्याआधी पंधरा दिवस, रोज तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या पाठीमागे वेत करकरत होता.

त्यांना परत पाठवायचा रस्ता मला माहीत आहे. खणातली प्रत मावशीच्या मशीनवर लावायची. ताई घरी नसताना.

अजून धीर होत नाही. कुणाला दुखवायचं, हे ठरत नाही.

हे कागदावर लिहितेय तेव्हा तीन वाजत आले आहेत. समोरचा पडदा पांढरा आहे. दोन मिनिटं हात लावला नाही तर तो आपोआप काळा होतो.

मी दर मिनिटाला माउस हलवतेय.