एकाच अक्षरातली अकरा कार्डं

त्या गुरुवारी सानिकाला फक्त एक यादी मोठ्याने वाचायची होती. तीस गाणी, तीस गायक, अधूनमधून दोन शब्द प्रस्तावनेचे. बारा मिनिटांचं काम. सकाळी नऊला बसताना तिने ठरवलं होतं, दहाला संपवू आणि निवांत पोहे करू. दुपारचे दोन वाजले तरी यादी संपली नव्हती, आणि पोह्यांची पिशवी ओट्यावर तशीच पडून होती.

जानेवारी २०२१ चे दिवस. आयर्लंड पुन्हा कुलूपबंद. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, आणि संध्याकाळच्या बातम्यांत रोज नवा आकडा. ब्युमॉन्टमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सानिका आणि पूर्णिमा राहत. पूर्णिमा डॉक्टर, नागपूरला शिकलेली, जवळच्याच इस्पितळात कामाला. सानिका पुण्याची, संख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेली, आणि एका छोट्या ध्वनिसंग्रहात सहा महिन्यांच्या करारावर. करार महिनाअखेर संपणार होता. पण खरं सांगायचं तर तिला कराराइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची तळमळ होती. एक जुनं खोटं तिला खोडून काढायचं होतं.

ते खोटं होतं १९६६ सालचं. त्या काळी सरकारी रेडिओवर पोरांना हवी ती गाणी लागत नसत. म्हणून काही मंडळींनी जहाजांवर ट्रान्समीटर चढवले, सरकारी हद्दीबाहेर समुद्रात नांगर टाकला आणि तिथून दिवसभर गाणी वाजवायला सुरुवात केली. त्यातलंच एक ‘रेडिओ पफिन’. दर गुरुवारी दुपारी चारला त्यांचा टॉप थर्टी लागायचा. किनाऱ्यावरचे श्रोते पोस्टकार्डं पाठवत, ती टपालाच्या होडीने जहाजावर जात. एक कार्ड, एक मत. मतं मोजून तीसपासून एकपर्यंत उलटी यादी.

निदान सांगायचे तरी तसं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वादळामुळे होडी उशिरा पोचली, आणि यादी वाचणाऱ्या डेसने ती चक्क मनाने रचली. कार्डांचं पोतं मागाहून आलं, ते त्याने कधी उघडलंच नाही. पंचावन्न वर्षं ते त्याच्या माळ्यावर पडून होतं. आता ब्याऐंशी वर्षांच्या डेसने ते ध्वनिसंग्रहाला देऊन टाकलं होतं.

“म्हणजे तुम्ही लोकांना फसवलंत,” सानिका त्याला फोनवर म्हणाली होती. तिला राग लपवता येत नसे.

“अगं पोरी, पोटात अन्न ठरत नव्हतं, तिथे मतं कुठली मोजतेस?” डेस हसला. “आता तू मोज. ग्रँड होईल. फक्त त्या निळ्या शाईवालीपासून सांभाळ.”

“कोण?”

“होती एक. दर आठवड्याला तिची कार्डं यायची. नावं वेगवेगळी, पण अक्षर एकच. सगळी एकाच गाण्याला. मी ती सरळ समुद्रात टाकायचो. सुरुवातीला चाळीसेक असायची. मग कमी कमी होत गेली. मला वाटलं, दमली असेल.”

“हे मात्र बरोबर केलंत,” सानिका म्हणाली होती.

आणि तिनेही तेच केलं. पोत्यात चारशे बारा कार्डं निघाली. तिने ती एकेक पाहून संगणकावर उतरवली. निळ्या शाईची अकरा होती. सगळ्यांवर किनाऱ्यावरच्या एकाच गावाचा शिक्का, आणि सगळी मतं कुठल्याशा शोबँडच्या, म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या वाद्यवृंदाच्या, एका गाण्याला. गाण्याच्या नावाचा अर्थ होता, ‘खिडकी उघडी ठेव, नोरा’. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक आकडा: दोन, तीन, पाच, आठ, बारा... लबाडीसुद्धा शिस्तीत, सानिकाच्या मनात आलं. एका कार्डावर तर आर्जव होतं: ‘पहिला नंबर नको. तिसांत तळाला कुठेही चालेल. सव्वाचारला मेट्रन रेडिओ बंद करते.’ तिने त्या अकरांना रबरबँड लावला, बाजूला ठेवलं आणि उरलेल्या चारशे एक मतांची यादी केली. स्वच्छ. खरी. साडेतीनपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं, आणि चारला ध्वनिसंग्रह ते ऐकवणार, पंचावन्न वर्षांनी त्याच वेळेला.

पण रेकॉर्डिंग होईना.

रस्त्यावरचा आवाज टाळायला ती हॉट प्रेसमध्ये बसली होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीला लागून असलेलं, कपडे वाळवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. माणूस जेमतेम मावेल एवढं. रजया, टॉवेल, आणि यादीवर धरलेला फोनचा उजेड सोडला तर मिट्ट काळोख. पहिल्यांदा वाचून ऐकलं, तर तिच्या आवाजामागे काहीतरी होतं. हलकं, लयीत. आत येणारं, बाहेर जाणारं. तिने टाकीचा हीटर बंद केला, फ्रिज बंद केला. वरच्या मजल्यावरच्या माणसाला मेसेज केला की प्लीज व्यायाम थांबव. तो म्हणाला, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे. मग तिने आवाज गाळायचं सॉफ्टवेअर लावलं. तिचा आवाज पातळ झाला, मागचा होता तसाच राहिला.

दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा. सातव्या वेळी तिने रजईवर मूठ आपटली. आठव्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाने. एक खरी गोष्ट सांगायची, तर जगातली प्रत्येक क्षुल्लक वस्तू आडवी का येते? टाकी केव्हाच गार पडली होती, तरी कपाटात उबदार, कोंदट वास साचला होता. धुतलेल्या चादरींचा, आणि त्याखाली तिखट साबणाचा. असला साबण त्यांच्या घरात नव्हता.

दहाव्यांदा वाचून ती बाहेर आली, तेव्हा पूर्णिमा दारात बूट काढत होती. आदल्या संध्याकाळी गेलेली, आत्ता येत होती. चेहऱ्यावर मास्कचे वळ.

“काय करून राहिली तू कपाटात?” थकली की तिची नागपुरी बाहेर यायची.

“डोकं फोडून घेतेय. तू जेवलीस?”

“नऊ नंबर गेला सकाळी.” पूर्णिमा खुर्चीत बसली. ती पेशंटचं नाव कधी घरी आणत नसे, फक्त खाटेचा नंबर. “हात उचलत नव्हता त्याचा. मुलीसाठी चार ओळी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. म्हटलं, राउंड संपला की पाठवते. राउंड संपला तेव्हा...” तिने खिशावर हात ठेवला. “कागद इथेच आहे. पाठवायची हिंमत होत नाहीये.”

अशा वेळी सानिका कामाचं बोलायची. “पूर्णी, एक मिनिट ऐकतेस? हा आवाज कसला आहे सांग. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.”

पूर्णिमाने हेडफोन लावले. आधी डोळे मिटून ऐकलं. मग ती ताठ बसली.

“हा वॉर्ड आहे.”

“काय?”

“माणसं झोपून श्वास घेताहेत. रोज ऐकते मी हे.” तिने हेडफोन दाबून धरले. “पण ही झोपलेली नाहीत गं. झोपेतला श्वास असा नसतो. ही ऐकताहेत. सहा आहेत.”

“उगाच घाबरवू नकोस. कितवं रेकॉर्डिंग लावलंय?”

“सहावं.”

सानिकाने सातवं लावलं. पूर्णिमा बोटं मुडपत राहिली. “पाच.” आठवं लावलं. “चार.” सानिकाने मागे जाऊन पहिलं लावलं. पूर्णिमाला दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत.

“अकरा,” ती म्हणाली. “सानिका... तू यादी वाचून संपवतेस ना, त्याच्या जरासं आधी एक थांबतो. दर वेळी एक.”

टेबलावर रबरबँड लावलेला गठ्ठा होता. सानिका त्याच्याकडे बघत होती. पूर्णिमाने तिची नजर पाहिली आणि गठ्ठा उचलला.

“हे काय?”

“बोगस मतं. एकाच बाईने लिहिलेली. म्हणून मी काढून टाकली.”

पूर्णिमाने एक कार्ड पाहिलं, मग दुसरं. तिचा अंगठा उजव्या कोपऱ्यावर थांबला. “बोगस कुणी सांगितलं तुला?”

“अक्षर एकच आहे! डेस पण म्हणाला...”

“अक्षर एकच असणार, बाई. हे खाटांचे नंबर आहेत. आम्ही काहीही लिहायला घेतलं की हात आधी या कोपऱ्यात जातो. नाव नंतर. नावात चूक होऊ शकते, खाटेत नाही.” तिने कार्डं पत्त्यांसारखी पसरली. “दोन, तीन, पाच, आठ, बारा... मधले नंबर बघ. नाहीत. ही कुणीतरी नर्स आहे. हात न चालणाऱ्यांचा वॉर्ड. ती विचारायची, हे लिहायची.”

सुरुवातीला चाळीसेक असायची. मग कमी कमी होत गेली. मला वाटलं, दमली असेल.

सानिकाला आपलाच आवाज आठवला. हे मात्र बरोबर केलंत. किती ठासून म्हणाली होती ती! दर गुरुवारी चारला चाळीस माणसं छताकडे बघत एक नाव ऐकायची वाट पाहत होती. पहिला नंबरही नको होता त्यांना. आणि एकाने ते समुद्रात टाकलं, दुसरीने रबरबँड लावून बाजूला ठेवलं. ज्याचं खोटं खोडायला ती निघाली होती, त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून ती आज दहा वेळा चालली होती.

“दहाव्यात किती?” तिने विचारलं.

पूर्णिमाने बराच वेळ ऐकलं. “दोन. आणि शेवटी...” तिने दोनांतलं एक बोट मिटलं.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सानिकाने यादी पुन्हा मांडली, चारशे बारा मतांची. अकरा मतांनी गाणं सत्ताविसावं येत होतं. सत्ताविसावं! एवढंच. तिसापासून उलटं मोजताना चौथंच नाव. सव्वाचारच्या कितीतरी आधी.

यादी आणि अकरा कार्डं घेऊन ती हॉट प्रेसमध्ये शिरली. पूर्णिमाने दार बाहेरून लोटलं. साबणाचा वास आता अगदी तोंडाजवळ होता. मान वळवायची नाही, असं ठरवून सानिका वाचू लागली. तीस. एकोणतीस. उजव्या कानाशी, रजयांच्या मागे, एकच श्वास होता. खरखरीत. मध्ये अडत होता... पुन्हा ओढला जात होता. अठ्ठावीस. श्वास थांबला. तिने घाईघाईने, जवळजवळ ओरडूनच म्हटलं, “सत्तावीस. खिडकी उघडी ठेव, नोरा.” आणि यादीत नसलेलं, कुणी न सांगितलेलं, तिने पुढे वाचलं: अकरा नावं, एकेक करून, खाटेच्या नंबरासकट.

काहीच झालं नाही. मग तिच्या मानेवरून, खांद्यांवरून, पायांवरून एक लांब निःश्वास गेला. एकाचा नव्हे, अनेकांचा, आणि एकदम.

तिने उरलेली सव्वीस नावं कशी वाचली, ते तिलाच ठाऊक नाही.

तीन अठ्ठावीसला फाइल गेली. चारला दोघींनी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर कार्यक्रम ऐकला. आवाज स्वच्छ होता, मागे काहीही नव्हतं. बाहेर उजेड मावळू लागला होता. शेवटचं नाव झालं तेव्हा पूर्णिमाने डोळे पुसले आणि पोह्यांची पिशवी हातात घेतली. “कांदा चिर,” ती म्हणाली. “आणि ती कार्डं नीट ठेव. या वेळी सगळ्यांबरोबर.”

सानिकाने गठ्ठा मोजून रबरबँड लावायला घेतला. मोजला. पुन्हा मोजला.

बारा होती.

बारावं कार्डही तसंच होतं, पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. शाई निळी. उजव्या कोपऱ्यात आकडा नऊ. खाली नाव, ओवेन टिअर्नी. गाण्याच्या जागी गाणं नव्हतं, दाटीवाटीने लिहिलेल्या चार ओळी होत्या. अक्षर मात्र त्या नर्सचं नव्हतं.

“पूर्णी,” ती हळूच म्हणाली, “नऊ नंबरचं नाव काय होतं?”

पूर्णिमा वळली. तिने कार्ड लांबूनच पाहिलं, आणि पोह्यांची पिशवी खाली ठेवली. “हे... हे माझं अक्षर आहे.” तिने खिशातून सकाळचा कागद काढला, उलगडला. उलटा करून पाहिला.

कागद दोन्हीकडून कोरा होता.

मायक्रोफोनची वायर अजून लॅपटॉपला जोडलेली होती, आणि तिथून ती हॉट प्रेसच्या बंद दाराखालून आत गेली होती. पडद्यावर, आवाज दाखवणारी हिरवी पट्टी सावकाश चढली... उतरली. थांबली. पुन्हा चढली.