ओढ्याकाठचे ठोके

त्या दुपारी मी नेहमीसारखी बाबांचा डबा घेऊन भुयारी मार्गात उतरले. तिथे जिन्याखाली बाबांचं चपला-बूट दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. गर्दीत फार धक्काबुक्की व्हायची, म्हणून मध्यंतरी तिथे स्पीकर बसवले होते. त्यांतून ओढ्याचं पाणी वाहायचं, पाखरं बोलायची. माणसं खरंच शांत झाली होती.

ते आवाज माझ्या मामाने टिपलेले. स्वतःच्या श्वासाचा आवाज नको म्हणून तो रेकॉर्डिंगचं मशीन ओढ्याकाठी चालू ठेवून लांब निघून जायचा. पाण्यामागे कुठेतरी धप्... धप्... ऐकू यायचं. कुणी कपडे धूत असेल, म्हणून त्याने ते राहू दिलं. सुरुवातीचा तेवढाच तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा लावला. पुढचं ऐकायचा त्याने कंटाळा केला. दाजी, माझे ठोके तुमच्या ठोक्यांपेक्षा गोड आहेत, असं तो बाबांना चिडवायचा. बाबा हसायचे. त्यांनी मला कधी साधी चापटही मारलेली नाही.

मी डबा ठेवला. वर कडक ऊन होतं, पण खाली ओल्या मातीचा वास येत होता. येणारे-जाणारे सगळे त्या ठोक्यांवर पावलं टाकत होते. बाबांची हातोडीही त्याच तालात बुटाच्या टाचेवर पडत होती. मग ती टाचेवरून सरकली आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर पडू लागली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. गिऱ्हाईक शांतपणे हसत होतं. पलीकडे एक बाई त्याच तालात भिंतीवर कपाळ आपटत होती. पांढऱ्या फरश्यांवरून रक्त ओघळत होतं. कुणी वळूनही बघत नव्हतं.

"बाबा... थांबा ना..."

त्यांनी वर पाहिलं. चेहरा अगदी निवांत होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हातोडी उगारली.

मी स्पीकरची वायर खेचून काढली. पाणी थांबलं, आणि भुयारभर एकदम किंकाळ्या उठल्या. बाबा हातातल्या हातोडीकडे बघत राहिले.

पोलिसांनी त्यांना नेलं. काल मामाने घरी मूळ रेकॉर्डिंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत लावलं. मी शेजारी बसले होते. पाणी, पाखरं, ठोके. मग मशीनच्या अगदी जवळ एक मुलगी हळूच म्हणाली, "बाबा... थांबा ना..."

आवाज माझा होता. त्या ओढ्यावर मी कधीच गेलेले नाही.

पुढे ठोके थांबले नाहीत. जोरात होत गेले. मग नुसतं पाणी.

मामाने माझ्याकडे न बघता मशीन बंद केलं.

वकील म्हणतात, बाबा उद्या जामिनावर घरी येतील.